एकवीस नंबरचं बटण

माझ्या मोठ्या मावशीने एका माणसावर सात वर्षं डूख धरला होता आणि तो तिने कुणापासून लपवलाही नाही. घरात कुणाच्या लग्नाचा विषय असो की गळक्या नळाचा, ती कपडे वाळत घालता घालता मधेच म्हणायची, "त्याचे दिवस भरायचेत अजून." तो म्हणजे कोण, हे आम्हाला विचारावं लागायचं नाही. घरात त्याचं नाव कुणी घेत नसे. सगळे त्याला इंजिनिअर म्हणायचे.

मावशी न्यायालयात टायपिस्ट होती. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलायचा आणि ती ते त्याच दमात टाइप करायची. ना हाताकडे बघायची, ना पडद्याकडे. नजर साक्षीदाराच्या ओठांवर. माणूस शब्द गिळायला लागला की ओठ आधी सांगतात, असं तिचं म्हणणं. एकोणीस वर्षं हेच केलं. कारकून तिला शिवणयंत्र म्हणायचे, कारण दालनाबाहेर उभं राहिलं की आत कुणी कापड शिवतंय असं वाटायचं. तिला ते नाव आवडायचं. एरवी ती फार हसणारी बाई नव्हती. घरी काका, म्हणजे तिचे यजमान, घड्याळं दुरुस्त करायचे. दोघांना मूलबाळ नव्हतं. मी पलीकडच्याच घरात राहायचे, त्यामुळे निम्मी त्यांच्याकडेच वाढले.

ती टाइप करायला शिकली ते एका जुन्या मशीनवर. त्या मशीनवर झेड वरच्या ओळीत, टी आणि यूच्या मधे होता आणि वाय खाली डाव्या कोपऱ्यात. पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा जुन्या माणसांना त्याच मांडणीचे कीबोर्ड दिले गेले. नवीन भरतीच्या मुलींना मिळाले त्यांवर झेड आणि वायने जागा बदललेल्या होत्या. एकाच इमारतीत दोन्ही चालायचे, कुणाचं काही अडत नव्हतं.

मग नवीन सॉफ्टवेअर आलं आणि ते बनवणारा इंजिनिअर आला. तिशीतला, नीटनेटका, सगळ्यांशी गोड. जिन्यात भेटला तरी थांबून चौकशी करायचा.

त्या सॉफ्टवेअरमधली खोट मावशीनेच मला नंतर समजावली, म्हणून सांगते. कीबोर्डच्या आत अक्षरं नसतात. प्रत्येक बटणाला फक्त जागेचा एक नंबर असतो, घराला असतो तसा. त्या घरात झेड राहतो की वाय, हे मांडणी ठरवते. मजकूर टाइप होताना इंजिनिअरचं सॉफ्टवेअर मांडणीला विचारायचं, म्हणून अक्षरं बरोबर उमटायची. पण कंट्रोल दाबून हुकूम द्यायचा असेल तेव्हा ते कुणाला विचारतच नव्हतं, नुसता घराचा नंबर बघायचं. इंजिनिअरच्या टेबलावरच्या कीबोर्डवर एकवीस नंबरात वाय राहायचा. म्हणून त्याने गृहीत धरलं की सगळ्या जगात एकवीस नंबरात वायच राहतो. कंट्रोल आणि झेड म्हणजे शेवटची चूक मागे घे. कंट्रोल आणि वाय म्हणजे अख्खी ओळ पूस. मावशीचा झेड एकवीस नंबरात. ती एखादा चुकीचा शब्द मागे घ्यायला जायची आणि ओळच नाहीशी व्हायची.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या ते लक्षात आलं. एक म्हातारा साक्षीदार फारच थांबत थांबत बोलत होता, म्हणून तिने सहज पडद्याकडे पाहिलं. तिने तक्रारीची चिठ्ठी दिली. मग दुसरी, मग तिसरी. इंजिनिअर एकदा येऊन तिच्या खुर्चीमागे उभा राहिला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला की बोटं जुन्या मशीनची सवय सोडत नाहीत, थोडं हळू मारा. बाजूचे दोन कारकून हसले. मावशीने ते बटण वापरायचंच नाही असं ठरवलं. पण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दहा वर्षं तेच बटण दाबलेलं होतं. डोकं ठरवतं, बोटं विसरतात.

त्याच महिन्यात एका गोदामाच्या आगीचा खटला चालला. आगीत पहारेकरी जळून मेला होता. आग मालकाच्या भावाने लावली असा आरोप. एका साक्षीदाराने त्याला मागच्या दाराने आत जाताना पाहिलं होतं. तसं त्याने भर न्यायालयात सांगितलं आणि नेमकी तीच ओळ कागदावर आली नाही. साक्षीदाराने चार पानं न वाचता सही केली. निकालाच्या वेळी पान उघडलं तर त्यात पाहिल्याचा उल्लेखच नाही. मालकाचा भाऊ सुटला.

तो आमच्याच गल्लीत राहायचा, मावशीच्या घरापासून चौथ्या दारात.

पुढचं कुणालाही समजेल. शेजाऱ्याला वाचवायला बाईने ओळ गाळली, असं आधी दबक्या आवाजात आणि मग उघड बोललं जाऊ लागलं. चौकशी बसली. इंजिनिअरने सॉफ्टवेअरची नोंद काढून दाखवली. अकरा वाजून बेचाळीस मिनिटं, बटण एकवीस, ओळ पुसली, वापरणारी मावशी. मावशीने सांगितलं की मी झेड दाबला होता, माझ्या टेबलावर येऊन बघा. चौकशी समितीचे तिघेही उठून तिच्या टेबलाशी आले. इंजिनिअरने कंट्रोल आणि झेड दाबलं. शब्द मागे गेला, ओळ जागेवर राहिली. त्याने तीनदा करून दाखवलं.

तेव्हा मावशीने कीबोर्डकडे पाहिलं. झेड खाली डाव्या कोपऱ्यात होता.

तो तिचा कीबोर्ड नव्हता. आदल्या दिवशी बदलला, जुना झाला होता, असं इंजिनिअर शांतपणे म्हणाला. तिन्ही चिठ्ठ्या कुठल्याच फायलीत सापडल्या नाहीत. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, बाई, आता कीबोर्डला दोष द्यायचाय का. मावशी सांगायची, त्या क्षणी मला राग आला नाही, नुसती लाज वाटली, भर रस्त्यात पदर सुटल्यासारखी. राग आला तो नंतर, जिन्यात. इंजिनिअर नेहमीसारखा थांबला आणि म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका, बाई. कुणाच्या तरी नावावर जायचंच होतं."

हेतू सिद्ध झाला नाही म्हणून नोकरी वाचली. हलगर्जीपणाचा शेरा बसला आणि तिची तळघरातल्या भांडारात बदली झाली. न्यायालयाच्या कागदाला पुन्हा हात लावायचा नाही, असा लेखी हुकूम. गल्लीत बायका तिच्याशी मोजकंच बोलू लागल्या. पहारेकऱ्याची बायको एकदा सकाळी तिच्या दारासमोर येऊन उभी राहिली. बघितलं आणि गेली. मावशी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी ताटावर बसली आणि म्हणाली, "मी त्याला सोडणार नाही." काकांना वाटलं ती गोदाममालकाच्या भावाबद्दल बोलतेय.

भांडारात मोडक्या खुर्च्या, फुटके पडदे आणि सगळ्या जिल्ह्यातून आलेल्या कीबोर्डांचा कमरेएवढा ढीग होता. तिथला भांडारी निवृत्तीला टेकलेला, मूळचा वायरमन. कुठला कीबोर्ड भंगारात काढायचा हे ठरवायला त्याच्याकडे एक साधा प्रोग्राम होता. बटण दाबलं की पडद्यावर त्याचा नंबर यायचा. त्याने तो एका दुपारी मावशीला दाखवला. मावशीने जुन्या मांडणीचा एक कीबोर्ड शोधून जोडला आणि झेड दाबला. एकवीस. पुन्हा दाबला. एकवीस. भांडारी मला म्हणाला होता की तुझी मावशी त्या दिवशी पाच वाजेपर्यंत तेच बटण दाबत बसली होती. त्याला आधी वाटलं बाईंचं डोकं फिरलं.

दुसऱ्या महिन्यात त्या ढिगातच तिला तिचा स्वतःचा कीबोर्ड सापडला. कडेला तिच्या हाताच्या अंगठीने पडलेली रेघ होती. तिने तो भांडाराच्या वहीत रीतसर नोंदवला, फडक्यात गुंडाळला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला. हा एक पुरावा घेऊन ती धावत सुटली असती तर कुणी ऐकलं नसतं, आणि हे तिला कळत होतं. शिवाय तिला नुसतं निर्दोष सुटायचं नव्हतं. तिला तो खाली पडलेला बघायचा होता.

मग ती शिकत सुटली. एका वहीत तिने एकेका मांडणीचा नकाशा काढायला सुरुवात केली. कुठल्या देशात, कुठल्या शहरात कुठलं अक्षर कितव्या घरात राहतं. एकतीस मांडण्या झाल्या. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी प्रोग्रामिंगच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. वर्गातल्या मुली तिला आजी म्हणायच्या आणि गृहपाठ तिचाच उतरवून घ्यायच्या. तिच्या टेबलाच्या काचेखाली इंजिनिअरच्या कंपनीच्या बातम्यांची कात्रणं असायची. त्याला बढती मिळाली, तो कंपनीचा प्रमुख झाला, त्याने भाषण केलं, सगळं. काकांनी एकदा हातातलं घड्याळ बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "तू त्याला रोज आपल्यात जेवायला बसवतेस. मला त्याचा कंटाळा आलाय."

"मला नाही आला," मावशी म्हणाली.

सातव्या वर्षी संधी चालून आली. इंजिनिअरचं नवीन सॉफ्टवेअर आता सगळ्या न्यायालयांत बसणार होतं. त्याआधी ते तपासायला एक समिती नेमली. अध्यक्ष म्हणून ज्या न्यायाधीशबाई आल्या, त्यांच्या दालनात मावशीने पूर्वी काम केलं होतं. कीबोर्डची तक्रार आली की इमारतीतले सगळे आता तळघराकडेच पळायचे, हे त्यांच्या कानावर होतं. त्यांनी मावशीला समितीत घेतलं. कागदाला हात न लावण्याचा हुकूम होता, कीबोर्डला लावण्याबद्दल त्यात काही लिहिलं नव्हतं.

मावशीने वहीतल्या एकतीसच्या एकतीस मांडण्या तपासल्या. तिच्या मांडणीवर झेड आता बरोबर चालत होता. म्हणजे इंजिनिअरला सगळं माहीत होतं. पण त्याने मूळ चूक काढली नव्हती. फक्त त्या एका मांडणीपुरती एकवीस आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या चव्वेचाळीसची हाताने अदलाबदल करून ठेवली होती. बाकी ठिकाणी सॉफ्टवेअर पूर्वीसारखंच नुसता घराचा नंबर बघत होतं. बंदराच्या शहरातल्या न्यायालयांत वेगळीच मांडणी चालायची. तिथला झेड सतरा नंबरात. इंजिनिअरच्या हिशेबी सतरा म्हणजे डब्ल्यू, आणि कंट्रोल डब्ल्यू म्हणजे पान बंद. तिथल्या टायपिस्टने चूक मागे घ्यायला झेड दाबला, की पान मिटणार आणि त्यावरचा न साठवलेला मजकूर जाणार.

मावशी त्या दिवशी घरी आली ती गुणगुणत. मी तिला गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं.

दर शनिवारी समितीला अहवाल द्यावा लागायचा. त्या शनिवारी मावशीने लिहिलं, त्रुटी आढळली नाही. खाली सही केली. दोन महिन्यांनी सगळ्या जिल्ह्यांच्या न्यायाधीशांसमोर मोठं प्रात्यक्षिक होतं. तिला ते तिथे करायचं होतं, भरल्या सभागृहात. तोपर्यंत तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. फक्त मला सांगितलं.

आणि सॉफ्टवेअर तोवर बंदराच्या शहरात चाचणीसाठी लागलं.

प्रात्यक्षिकाला अकरा दिवस उरले असताना समितीकडे पत्र आलं. तिथल्या एका टायपिस्टने एका आजारी बाईची जबानी टाइप केली होती. शेवटचा सगळा परिच्छेद गेला. आठवड्याभरात ती बाई वारली, आता पुन्हा विचारायला माणूसच नाही. टायपिस्टला निलंबित केलं होतं. सॉफ्टवेअरच्या नोंदीत तिचंच नाव होतं.

मावशीने पत्राची नक्कल मला वाचायला दिली. मी म्हटलं, "उद्याच सांगून टाक, मावशी."

"उद्या सांगितलं तर तो तासाभरात दुरुस्त करेल. मग म्हणेल, असं कधी नव्हतंच. त्याने एकदा केलंय ते."

ते खरं होतं. मी नक्कल तिला परत दिली. घडी घालता घालता ती स्वतःच म्हणाली, "आणि मला त्याचं तोंड बघायचंय."

तेही खरं होतं. मी कुणाला बोलले नाही. अकरा दिवस मीसुद्धा मूग गिळून बसले, हे इथे सांगितलंच पाहिजे.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी सभागृह भरलं होतं. मी मागच्या दाराशी उभी होते. इंजिनिअर आता अंगाने जरा सुटला होता, कानाशी केस पांढरे झाले होते, पण बोलणं तसंच गोड. त्याने अर्धा तास छान सांगितलं. मग न्यायाधीशबाईंनी मावशीला टाइप करून दाखवायला बोलावलं. मावशी म्हणाली, माझी बोटं जुनी, साहेबांनीच करून दाखवलं तर जास्त कळेल. लोक हसले. तोही हसला आणि खुर्चीत बसला. मावशीने पिशवीतून बंदराकडचा कीबोर्ड काढून जोडला, मांडणी बदलली आणि सगळ्यांना सांगितलं की चाचणी जिथे चालू आहे तिथला हा कीबोर्ड आहे. मग ती सांगू लागली आणि तो एकेक अक्षर शोधून टाइप करू लागला.

"मी त्याला गोदामाच्या मागच्या दाराने आत जाताना पाहिलं."

त्याचे हात थांबले. मला सोडलं तर सभागृहात ते वाक्य ओळखणारे दोघंच होते. मावशीने तेच वाक्य पुन्हा, त्याच आवाजात सांगितलं. त्याने टाइप केलं. तीन ओळी झाल्या, चौथीत त्याचं एक अक्षर चुकलं. मावशी म्हणाली, चुकलं, मागे घ्या. त्याचा हात माऊसकडे गेला.

"माऊस नको, साहेब. साक्षीदार बोलत असताना टायपिस्ट माऊस धरत नाही."

त्याला कळलं होतं. मला लांबून दिसत होतं. त्याचा अंगठा कंट्रोलवर आला, दुसरं बोट झेडवर नुसतं टेकून राहिलं. शंभर माणसं वाट बघत होती. त्याने दाबलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावरून पान नाहीसं झालं. पुन्हा उघडलं तर कोरं. मावशीने नोंद उघडायला सांगितली आणि ती मोठ्याने वाचायला सांगितली. तो वाचेना. शेवटी न्यायाधीशबाईंनी वाचली. बटण सतरा, पान बंद, आणि पुढे वापरणारा म्हणून इंजिनिअरचं पूर्ण नाव. त्यांनी त्याला विचारलं, तुम्ही हे मुद्दाम पुसलंत का. तो नाही म्हणाला. मग ती तिकडची टायपिस्ट घरी का बसली आहे, असं त्यांनी विचारलं. त्याचा चेहरा उतरला, कपाळावर घाम आला आणि रुमाल शोधताना त्याने पाण्याचा ग्लास पाडला. मावशी समोर उभी राहून हे सगळं बघत होती. सात वर्षं तिने त्या क्षणासाठी एक वाक्य घोकून ठेवलं होतं. ते ती बोलली नाही. नंतर म्हणाली, आठवलंच नाही, बघण्यात इतकी गुंतले होते.

त्याचं सगळं गेलं. काम रद्द झालं, कंपनीने त्याला काढलं. मावशीचा जुना कीबोर्ड फळीवरून खाली आला. चौकशीत त्याच्याच कंपनीच्या कपाटात तिच्या तिन्ही चिठ्ठ्या सापडल्या. मावशीवरचा शेरा पुसला गेला आणि तिला पुन्हा दालनात बसवायचा हुकूम निघाला. गोदाममालकाचा भाऊ मात्र तोवर मरून गेला होता. पहारेकऱ्याची बायको गाव सोडून गेली होती, तिचा पत्ता मावशीला शोधूनही मिळाला नाही. इंजिनिअरला आता कुठे काम मिळत नाही, असं कुणी सांगितलं की मावशी सगळं सविस्तर विचारून घ्यायची. कुठे राहतो, बायको काय म्हणते, केस किती पिकले. तिने त्यातलं काही लपवलं नाही. चवीचवीने ऐकायची.

तीन आठवड्यांनी बंदराकडची टायपिस्ट आली. पस्तिशीची असेल, सडपातळ, हातात पेढ्याचा नाही तर कसला तरी पुडा. तिला कामावर परत घेतलं होतं. ती आभार मानायला आली होती. काकांनी खुर्ची दिली. ती बराच वेळ बोलली. तिच्या गल्लीत लोक काय बोलले, नवऱ्याने काय विचारलं, त्या वारलेल्या बाईच्या मुलाने तिच्यावर कसा हात उगारला. मावशी मान खाली घालून ऐकत होती. मग त्या टायपिस्टने सहजच विचारलं, "तुमच्या लक्षात आलं तरी कधी?"

मावशी एक तारीख सांगू शकली असती, प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवसाची. कुणालाही खोटी वाटली नसती. तिने खरी तारीख सांगितली.

ती बाई मनातल्या मनात दिवस मोजत होती, हे आम्हाला दिसलं. सॉफ्टवेअर तिच्या टेबलावर लागलं त्याच्याही आधीची तारीख होती ती. तिने विचारलं, "हे लिहून द्याल?"

मावशी आतल्या खोलीत गेली. शिवणयंत्राचा आवाज आला, जेमतेम पाच मिनिटं. एका पानावर सगळं होतं. तारीख, सतरा नंबर, त्या शनिवारचा खोटा अहवाल, अकरा दिवस. खाली सही. टायपिस्टने ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि चहा न घेता निघून गेली.

त्या कागदावरून मावशीची पुन्हा चौकशी झाली. या वेळी तिने काहीच नाकारलं नाही. दालनात बसवायचा हुकूम मागे घेतला गेला आणि नोकरीची उरलेली दोन वर्षं तिने तळघरातच काढली. मी एकदा तिला विचारलं की पस्तावा होतो का.

"सुडाचा नाही होत," ती म्हणाली. "तो मी पुन्हा घेईन. अकरा दिवसांचा होतो." मग तिने स्वतःलाच दुरुस्त केलं. "अकरा नाही. दोन महिन्यांचा."